श्राइन बॉक्स किट आणि चार्म स्वॉप: बॉक्स भक्कम, गोंद बेकार, स्वॉप लाखमोलाचा

आधीच सांगून टाकते, हे किट घ्यायचं तर स्वॉपसकट, म्हणजे चार्मच्या (हाताने केलेल्या छोट्या लटकत्या वस्तूंच्या) अदलाबदलीसकट घ्या. नुसता बॉक्स मागवून त्यात साच्यातले तयार चार्म लावायचे असतील तर एवढा खटाटोप कशाला, तो एक सजवलेला खोका होईल आणि थोड्या दिवसांनी त्याकडे कुणाचं लक्षही जाणार नाही. पण त्याच बॉक्समध्ये वेगवेगळ्या लोकांनी आपल्या हाताने केलेले, टपालाने आलेले चार्म लटकायला लागले ना, की बघणारा प्रत्येक जण दार उघडून आत डोकावतोच आणि हा कुणी केला, तो कशाचा केलाय, हे सुरू होतं. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते याच हिशोबाने वाचा. बॉक्स दिसतो किती छान यापेक्षा दुसऱ्याचं काम तो किती नीट सांभाळतो हे मी बघितलंय.

ज्यांनी हा प्रकार कधी केला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. श्राइन बॉक्स म्हणजे दारं असलेली, आत कप्पे असलेली छोटी उभी पेटी, शोभेची, तिच्यात आपण एखादा विषय घेऊन सजावट करायची. विषय काहीही चालतो, समुद्र, एखादं माणूस, लहानपण, पक्षी, झोप. मिक्स्ड मीडिया म्हणजे कागद, रंग, कापड, तार, पत्रा, क्ले, काच असं सगळं एकत्र वापरायचं. आणि चार्म म्हणजे दोन-अडीच सेंटीमीटरची लटकवता येईल अशी हाताने केलेली वस्तू. स्वॉपमध्ये तुम्ही एकाच डिझाइनचे बारा चार्म करून पाठवता आणि तुम्हाला बारा जणांचे बारा वेगवेगळे परत येतात, गणित साधं आहे पण पाकीट उघडताना जी मजा येते ती गणितात बसत नाही.

किटमध्ये येतं काय, तर सुट्ट्या भागांचा प्लायचा बॉक्स (वरून कमानीचा, दोन पाखी दारं, आत दोन फळ्या), चार छोट्या बिजागऱ्या, स्क्रू, एक पितळी कडी, डिझाइनच्या कागदांचा गठ्ठा, गोंदाची एक बाटली, जंप रिंगांची (चार्म अडकवायच्या, उघडता येणाऱ्या बारीक कड्यांची) पुडी, थोडी तांब्याची तार आणि स्वॉपचा फॉर्म. रंग येत नाहीत आणि ते बरंच आहे, कारण किटमधले रंग सहसा पाण्यासारखे असतात.

बॉक्सबद्दल मनापासून चांगलंच बोलावंसं वाटतं. प्लाय ३ मिलीमीटरचा आहे, कडा लेझरने कापलेल्या, खाचा एकमेकींत घट्ट बसतात, गोंद न लावताही बॉक्स उभा राहतो म्हणजे आधी कोरडा जोडून बघता येतो. लेझरने जळलेल्या काळपट कडा मात्र आधी पॉलिश पेपरने घासून घ्या, नाहीतर फिकट रंगातून तो काळपटपणा वर येतो. या किंमतीच्या गटात बरेच बॉक्स एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीचे असतात आणि एमडीएफला कडेने पाणी लागलं की तो फुगतो, मग दार घासायला लागतं, त्यामुळे प्लाय दिला हे कंपनीने चांगलं केलं.

सगळ्यात मोठा प्लस पॉइंट म्हणजे खोली. आतून पाच सेंटीमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं पण चार्मच्या बॉक्समध्ये सगळा खेळ खोलीचाच असतो, कारण लटकणारी वस्तू स्वतःभोवती फिरते, हलते, मागच्या चित्राला टेकायला नको आणि पुढून दारालाही लागायला नको. तीन सेंटीमीटरच्या उथळ बॉक्समध्ये चार्म शेवटी चिकटवावेच लागतात, आणि चिकटवलेला चार्म म्हणजे नुसतं बटण झालं. इथे मागे चित्र, मध्ये लटकणारे चार्म आणि पुढे फळीच्या काठावर एखादी बारीक वस्तू असे तीन थर आरामात बसतात.

आता दारं. किटच्या कागदावर जोडणीचा जो क्रम छापलाय त्यात आधी बिजागऱ्या लावा, मग रंगवा असं आहे. हे उलटं करा, प्लीज. बिजागऱ्यांची भोकं आधी पाडून ठेवा, पण दारं सुटी असतानाच रंग आणि कागद सगळं उरकून घ्या आणि पूर्ण वाळल्यावरच स्क्रू पिळा. कारण जेसोचा (रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचा) हात, रंगाचे दोन हात, वर कागद, वर वार्निश, असं करत करत प्रत्येक कडेची जाडी वाढते आणि दोन दारांमधली फट जेमतेम एक मिलीमीटरची आहे, ती भरून गेली की दारं एकमेकांवर अडतात किंवा दमट हवेत चिकटून बसतात आणि जोर लावला की रंगाचा पापुद्राच निघून येतो. मी दारांच्या आतल्या कडांवर कागद वळवलाच नाही, तिथे नुसता पातळ रंग आणि वर थोडं मेण घासलंय, एकदम स्मूथ उघडतात. बिजागऱ्या स्वतः ठीकठाक आहेत, पत्रा पातळ आहे पण दारंही हलकी आहेत म्हणून चालून जातं. स्क्रू मात्र इतके बारीक आहेत की स्क्रूड्रायव्हर चष्मा दुरुस्तीवाला लागतो, तो किटमध्ये नाही, हे बाहेरच्या खोक्यावर कुठेतरी लिहायला पाहिजे होतं.

दारांचं एवढं कौतुक का, तर या प्रकाराची मजा उघडण्यातच आहे असं मला वाटतं, आणि जगभर ज्यांनी ज्यांनी अशा पेट्या केल्या त्यांना हे कळलेलं होतं. पेरूमधल्या आयाकुचोचे रेताब्लो बघा, फुलं रंगवलेली दोन दारं आणि आत मजल्यामजल्यांवर चिमुकली माणसं, जनावरं, संत, आणि त्या बाहुल्या परंपरेने जिप्सम आणि उकडलेल्या बटाट्याच्या लगद्याच्या, म्हणजे मिक्स्ड मीडिया हा शब्द येण्याच्या कितीतरी आधीपासूनचं मिक्स्ड मीडियाच. तिथल्या होआकिन लोपेस आन्ताय या कारागिराला १९७५ चा राष्ट्रीय सांस्कृतिक पुरस्कार मिळाला तेव्हा ही कला की कारागिरी यावरून तिथल्या चित्रकारांमध्ये मोठा वाद पेटला होता. आपल्याकडे राजस्थानातल्या बस्सी गावची कावड, म्हणजे रंगवलेली लाकडी गोष्टींची पेटी, तर दारामागे दार, दारामागे दार अशीच उलगडत जाते आणि सांगणारा एकेका चित्रावर मोरपीस ठेवत गोष्ट सांगतो. मेक्सिकोमध्ये मिलाग्रो म्हणून बारीक धातूचे चार्म असतात, हात, पाय, डोळा, हृदय अशा आकारांचे, नवसाला वाहायचे, आणि लोक ते लाकडी क्रॉसवर आणि चौकटींवर ठोकतात, म्हणजे पेटी आणि चार्म यांची जोडी काही आजची नाही. दारं नसलेल्या बॉक्सचा उस्ताद म्हणजे न्यूयॉर्कचा जोसेफ कॉर्नेल, १९०३ ते १९७२, कुठल्याही आर्ट स्कूलमध्ये न शिकलेला, जुन्या वस्तूंची दुकानं पालथी घालून काचेमागे जे बॉक्स त्याने रचले ते फोटोत बघितले तरी कळतं की मोकळी जागा सोडणं किती महत्त्वाचं. किट उघडण्याआधी या सगळ्यांचे फोटो एकदा बघून घ्या, किटसोबतच्या पत्रकातल्या नमुन्यांपेक्षा त्यातून जास्त सुचेल, पत्रकातले नमुने फारच ठासून भरलेले आहेत.

आता गोंद. बाद. बाटलीवर सगळ्या कामांसाठी असं लिहिलंय पण तो पातळ पांढरा गोंद आहे, कागदाला लावला की कागद पाणी पितो, ताणला जातो आणि फुगे येतात, आणि धातूला तर तो धरतच नाही. एकच गोंद सगळीकडे ही कल्पनाच मिक्स्ड मीडियामध्ये चालत नाही. कागद लाकडावर चिकटवायला मॅट जेल मीडियम (न चमकणारं, घट्टसर ॲक्रिलिक जेल) घ्या, दोन्ही बाजूंना पातळ थर, मधून बाहेर जुन्या प्लास्टिक कार्डाने दाबत न्यायचं, की फुगे राहत नाहीत. मॉड पॉजही चालतं, १९६७ पासून लोक डेकुपाजसाठी, म्हणजे वस्तूवर कागद चिकटवून सजवायला, तेच वापरतायत, फक्त त्याचा वरचा थर दमट हवेत जरा चिकट लागू शकतो म्हणून दारांच्या कडांना नको. धातू किंवा काच लाकडावर बसवायची तर दोन ट्यूबवाली इपॉक्सी, किंवा ई६००० सारखा जाड ग्लू, पण त्याला खिडकी उघडी पाहिजे, त्यातलं सॉल्व्हंट डोक्यात जातं, आणि पूर्ण पकड यायला २४ ते ७२ तास लागतात तेवढे द्यावेच लागतात. हॉट ग्लू कापडाला, लेसला ठीक, गुळगुळीत धातूवरून तो थंडीत टक्कन सुटतो. आणि इन्स्टंट ग्लू बंद पेटीत काचेच्या किंवा चकचकीत वस्तूजवळ वापरू नका, त्याची वाफ आजूबाजूला पांढरी भुकटी होऊन बसते आणि ती पुसून नीट जात नाही.

किटमधले कागद दिसायला सुंदर आहेत, जुने नकाशे, वनस्पतींची चित्रं, हस्ताक्षरं, पण छपाईची शाई पाण्याने सुटते. कोपऱ्यावर ओलं बोट घासून बघा, निळा रंग बोटावर येतो. त्यामुळे आधी फिक्सेटिव्ह स्प्रेचे (शाई पक्की करणाऱ्या फवाऱ्याचे) दोन हलके हात आणि मगच जेल. हे करायची तयारी नसेल तर स्वतःचे कागद वापरा, लेझर प्रिंटरची प्रिंट अजिबात सुटत नाही, इंकजेटची सुटते.

आता मुख्य गोष्ट, स्वॉप. किटसोबत एका फेरीची नोंदणी मिळते. फेरीला विषय असतो, शेवटची तारीख असते, आणि आयोजक सगळ्यांचे चार्म गोळा करून, वाटून परत पाठवतात. बारा पाठवायचे आणि तेरावा आयोजकांसाठी, ही पद्धत मला फार आवडते, जो माणूस एवढी पाकिटं उघडून, मोजून, लावून परत पाठवतो त्याला एक चार्म मिळायलाच पाहिजे. नियम साधे आणि बरोबर आहेत. आकार तीन सेंटीमीटरच्या आत, वजन हलकं, टोकं बोथट, जंप रिंग लावलेली, प्रत्येक चार्म वेगळ्या छोट्या पिशवीत आणि त्यावर करणाऱ्याचं नाव आणि काय काय वापरलं ते. आणि आलेले चार्म विकायचे नाहीत. हा शेवटचा नियम म्हणजे या सगळ्याचा कणा आहे असं मी मानते. १९९७ मध्ये झुरिकच्या एम. व्हांची स्टिर्नेमान या कलाकाराने आर्टिस्ट ट्रेडिंग कार्ड्स सुरू केली, ६४ बाय ८९ मिलीमीटरची छोटी कार्डं, तिथेही मूळ कल्पना हीच की कार्ड विकायचं नाही, समोरासमोर बदलायचं. एकदा पैसे मध्ये आले की माणूस खपेल तेच करायला लागतो, आणि अनोळखी बारा जणांसाठी करायचं म्हटलं की तो जास्त जीव ओतून करतो, हे आलेल्या पाकिटातून अक्षरशः दिसतं.

एका चार्मबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. फुटलेल्या चिनी मातीच्या कपाचा तुकडा, नखाएवढा, त्यावर निळ्या वेलीची जेमतेम दीड पानं. कडा ओल्या सिलिकॉन कार्बाइड पेपरवर घासून इतक्या गुळगुळीत केल्यात की अंगठा फिरवला तर कुठे अडत नाही. त्याभोवती तांब्याची तार, साधारण अर्ध्या मिलीमीटरची, दोनदा गुंडाळलेली, आणि समोरून बघितलं तर तार त्या पानाच्या देठालाच पुढे नेते, म्हणजे चित्रातली वेल संपते तिथून तारेची वेल सुरू होते. मागे तारेचं टोक आत वळवून दाबून टाकलंय, कापडाला अडकणार नाही असं. आणि असे बारा तुकडे, प्रत्येकावर वेलीचा वेगळा भाग, प्रत्येकाला तार वेगळी वळवावी लागलेली! लेबलवर फक्त लिहिलंय, कप माझ्या आजीचा होता, आता बारा घरी राहील. मी हा चार्म मधल्या कोनाड्यात एकटाच लावलाय, त्याच्या शेजारी काहीच नाही.

बाकीच्यातही फेल्टचा एक पक्षी होता ज्याच्या छातीवर फ्रेंच नॉट्सची (गाठीच्या टाक्यांची) बारीक पेरणी, श्रिंक प्लास्टिकचा (तापवलं की आटणाऱ्या प्लास्टिकचा) एक डोळा, काचेच्या दोन तुकड्यांमध्ये नेच्याचं पान ठेवून कडेने सोल्डर केलेला एक, कागदी मण्यांचा एक मासा, आणि जुन्या चावीला धागा गुंडाळून केलेला एक. दोन चार्म अगदीच घाईचे होते, साच्यातल्या क्लेवर ग्लिटर टाकून पाठवलेले, एकाची तर रिंगच नीट बंद नव्हती. असं होतं, कुठल्याही स्वॉपमध्ये सगळे सारखे नसतात, आणि खरं तर नवीन माणसाचा पहिला चार्म असेल तो, त्यालाही बॉक्समध्ये जागा द्यावी या मताची मी आहे. माझी तक्रार आहे ती पॅकिंगबद्दल. आयोजकांनी बाराही पिशव्या एका पातळ पाकिटात भरून पाठवल्या, पुठ्ठा नाही, फुग्यांचा कागद नाही, आणि सोल्डरवाल्या काचेला कोपऱ्यात तडा गेलेला होता. करणाऱ्याने त्यावर किती वेळ घालवला असेल याचा विचार केला की राग येतो. मेल केल्यावर माफी मागितली, करणाऱ्याशी बोलून दुसरी काच मिळवून दिली, तीही या वेळी डबीत घालून आली, म्हणजे माणसं चांगली आहेत, पण पुढच्या फेरीपासून सगळ्यांनाच डबीत पाठवा ना, परतीच्या टपालाचे पैसे आपण भरतोच, त्यात थोडे वाढवा, कुणी नाही म्हणणार नाही.

ज्यांना स्वॉपसाठी पहिल्यांदाच चार्म करायचे आहेत त्यांनी पॉलिमर क्लेपासून सुरुवात करावी. फिमोसारखे क्ले घरच्या ओव्हनमध्ये भाजतात, ब्रँडप्रमाणे साधारण ११० ते १३५ अंश सेल्सियस, पाकिटावर जे लिहिलंय तेच पाळा आणि ओव्हनमध्ये वेगळा थर्मामीटर ठेवा, कारण ओव्हनच्या बटणावरचे आकडे आणि आतलं तापमान यात पुष्कळ फरक असतो. कमी भाजलेला क्ले वर वर कडक वाटतो पण वाकवला की मोडतो, आणि टपालात पहिला तोच मोडतो. जास्त तापवला तर तो जळतो आणि त्याचा धूर वाईट असतो, मुळात ते पीव्हीसी आहे. तारेचा हुक भाजण्याआधीच आत खुपसा आणि आतलं टोक पिळून किंवा वाकवून घ्या, सरळ तार खेचली की निसटते. वर नेलपॉलिश लावू नका, काही दिवसांनी ते चिकचिकीत होतं, पाण्यावर आधारलेलं वार्निश लावा.

श्रिंक प्लास्टिक करणार असाल तर भोक आधी पाडायचं, गरम केल्यावर नाही. लांबी-रुंदी निम्म्याहून कमी होते, म्हणजे साध्या ऑफिसच्या पंचचं सहा मिलीमीटरचं भोक आटून तीनच्या आत येतं, जंप रिंगला अगदी बरोबर. आणि रंग आटल्यावर गडद होतात, म्हणून फिकट रंगवा. यूव्ही रेझिन (अतिनील प्रकाशात कडक होणारं पातळ रेझिन) वापरत असाल तर नायट्राइलचे हातमोजे घालाच, कच्चं रेझिन अंगाला लागत राहिलं की कायमची ॲलर्जी होऊ शकते आणि मग पुन्हा कधीच हात लावता येत नाही, मुलांसोबत करणाऱ्यांनी तर हा प्रकार सरळ टाळावा.

किटमधल्या जंप रिंगा मऊ आहेत, बोटांनीही उघडतात, म्हणजे लटकलेला चार्म स्वतःच्या वजनाने हळूहळू ती उघडू शकतो. १८ गेजच्या, म्हणजे साधारण एक मिलीमीटर जाड, पाच-सहा मिलीमीटर आतला व्यास असलेल्या वेगळ्या आणा. रिंग उघडताना दोन्ही बाजूंना फाकवायची नाही, दोन पकडींनी एक टोक पुढे आणि एक मागे असं सरकवायचं, बंद करताना तसंच परत आणायचं, थोडं पलीकडे नेऊन मागे आणलं की टोकं बरोबर एकमेकांवर टिक करून बसतात.

मांडणीबद्दल मी जरा हट्टी आहे. दुसऱ्याचा चार्म चिकटवायचा नाही, लटकवायचा. त्याची मागची बाजूही केलेली असते, बऱ्याचदा तिथेच सही असते, आणि उद्या बॉक्सचा विषय बदलावासा वाटला तर तो धड निघाला पाहिजे. किटमध्ये लटकवायला वर फक्त बारीक आयस्क्रू (डोक्याला गोल कडी असलेले स्क्रू) दिलेत, त्याऐवजी कप्प्याच्या वरच्या बाजूला आडवी पितळी तार किंवा बारीक लाकडी काडी टाका, दोन्ही भिंतींना छोटी भोकं पाडून. आडव्या दांडीचा फायदा असा की ज्या चार्मचं भोक समोरून मागे जातं त्याला एकच रिंग घातली की तो बरोबर समोर तोंड करून लटकतो. भोक बाजूने असेल, म्हणजे वरती तारेचं वेटोळं असतं तसं, तर एका रिंगेत तो कडेने दिसतो, तिथे दुसरी रिंग घातली की वळून समोर येतो. एवढीशी गोष्ट आहे पण पत्रकात कुठेच लिहिलेली नाही आणि नवीन माणूस इथेच वैतागतो.

जड वस्तू खाली, हलक्या वर, आणि प्रत्येक चार्म वेगळ्या लांबीवर, त्यासाठी साखळीची एक-दोन कडी वाढवायची. सगळे बारा एकाच बॉक्समध्ये कोंबायलाच पाहिजेत असं काही नाही, माझ्या बॉक्समध्ये सगळे नाहीत, उरलेले दारांच्या आतल्या बाजूला छोट्या खिळ्यांवर फिरवून फिरवून लावते. मागचं चित्र शांत ठेवा, चार्मपेक्षा दोन छटा गडद किंवा दोन छटा फिकट, तर ते उठून दिसतात. नकाशाचा तो सुंदर कागद मागे जसाच्या तसा लावला तर त्यातली बारीक अक्षरं आणि चार्म यांची भांडणं होतात, त्यावर पाणी घातलेल्या जेसोचा एक हात फिरवला की कागद मागे सरतो आणि तरी दिसत राहतो.

आत लाइट लावायचा मोह सगळ्यांना होतो, बारीक तारेवरचे एलईडी चांगले दिसतातही, एलईडी फार तापत नाहीत. फक्त बॅटरीची डबी मागच्या बाजूला बाहेरून बदलता येईल अशी ठेवा, आणि बटण सेलवाली डबी असेल तर तिचं झाकण स्क्रूने बंद होणारं पाहिजे, लहान मूल असलेल्या घरात यात हयगय नको, गिळलेला सेल जीवावर बेततो. बॉक्स उन्हात ठेवू नका, फेल्ट आणि इंकजेटचे रंग आधी उडतात. तांबं काळवंडेल, मला ते तसंच आवडतं, ज्यांना चमक टिकवायची आहे त्यांनी लावण्याआधीच लाखेचा एक पातळ हात द्यावा. खरा गंजलेला लोखंडी तुकडा असेल तर त्यालाही सील करा, नाहीतर मागच्या कागदावर डाग उतरतो.

मार्क द्यायचे तर बॉक्सला पाचपैकी साडेचार, सुट्या हार्डवेअरला अडीच, कागदांना तीन, गोंदाला शून्य, आणि स्वॉपला पॅकिंगचा अर्धा मार्क कापूनही साडेचार. कंपनीकडून मला तीन गोष्टी हव्यात, गोंद काढून त्या पैशात चांगल्या रिंगा द्या, जोडणीचा क्रम सुधारा, आणि किटशिवाय नुसती स्वॉपची नोंदणी वेगळी उघडा, कारण एकदा बॉक्स झाला की माणसाला दुसरा बॉक्स नको असतो, दुसरी फेरी हवी असते. सध्या दुसऱ्या फेरीसाठीही पूर्ण किटच घ्यावं लागतं, हे पटत नाही. तोपर्यंत ज्यांच्याकडे बॉक्स आधीच आहे त्यांनी ओळखीतल्या सहा-सात जणांना धरून आपापसात स्वॉप लावला तरी चालेल, नियम वरचेच ठेवा, तारीख ठरवताना क्ले वाळायला नाही पण ग्लू आणि वार्निशला लागणारे दिवस धरा, आणि चार्म डबीतच पाठवायचे हे पहिल्याच मेसेजमध्ये सांगून ठेवा.